जवळचं माणूस गेल्यावर ग्रीक तत्त्वज्ञान आणि मातीकाम यांनी खरंच सावरायला होतं का?

तुम्ही विचारलंय, भाऊ गेल्यापासून कुणी म्हणतं ग्रीक तत्त्वज्ञ वाच, कुणी म्हणतं मातीकामाच्या वर्गाला जा, यातल्या कशाचा खरंच उपयोग होतो? मी धाराशिव जिल्ह्यातली. माझाही धाकटा भाऊ अपघातात गेला, त्याला आता तीन वर्षं होतील. दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहिते.

भाऊ गेल्यावर महिन्याभरातच एका मैत्रिणीनं एपिक्टेटसचं छोटं पुस्तक पाठवलं. हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ. रोममध्ये गुलाम होता, पायानं अधू होता, पुढं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवायला लागला. त्याचं बोलणं एरियन नावाच्या शिष्यानं टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्यात तिसऱ्याच कलमात तो सांगतो, तुझा एखाद्या मडक्यावर जीव असेल तर मनाला बजाव, की हे मडकं आहे. मग ते फुटलं तरी तू हाय खाणार नाहीस. आणि लगेच पुढं, बायकोचा, लेकराचा मुका घेताना मनाला बजाव, की हे मर्त्य माणूस आहे. मग ते गेलं तरी ढळणार नाहीस.

मी पुस्तक मिटलं ते कपाटात ठेवून दिलं. माझा भाऊ काय मडकं होता?

आमच्या भागात तर मडकं आणि लेकरू ही जोडी सगळ्यांना ठाऊक आहे. तेरचे गोरोबाकाका विठ्ठलाच्या नामात माती तुडवत होते आणि पोटचं लेकरू पायाखाली आलं, ही कथा कीर्तनात ऐकतच आम्ही मोठे झालो. लोक भक्तीचं कौतुक करतात. मला मात्र लहानपणापासून त्या कथेत लेकराची आईच दिसते.

त्या उन्हाळ्यात आईला घेऊन तेरला गेले. मंदिरातून पुढं लामतुरे संग्रहालयात गेलो. सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या, भांडी. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्द्यानं पहिल्या शतकात ज्या तगर गावाची नोंद केली, ते हेच तेर. इथून दहा दिवसांवर पैठण, पैठणहून वीस दिवसांवर भडोच, तिथून कापड जहाजात. मी बराच वेळ एका बाहुलीपुढं उभी होते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लेकरानं ती हातात धरली असेल, एवढंच डोक्यात होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःच्या हातानं काही करावंसं वाटलं.

गावाकडं एक कुंभारमामा आहेत, त्यांच्याकडं रविवारी जाऊन बसायला लागले. माती चाळायची, राख आणि लीद मिसळायची, तुडवायची. चाकावरून उतरवलेलं मडकं आतून गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत मोठं करायचं. माझं पहिलं मडकं सावलीत होतं. वरून कोरडं दिसलं म्हणून मी ते उन्हात सरकवलं. संध्याकाळपर्यंत काठापासून बुडापर्यंत चीर. मामा एवढंच म्हणाले, "ताई, वरनं वाळलं म्हंजे वाळलं न्हवं. पोटात वल्लं हाय आजून."

घरी येऊन मी खूप रडले. वर्षभर लोक मला म्हणत होते, आता सावर, कामाला लाग. पोटात ओलं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडतात ती सकाळ तर बघायलाच हवी. मामा एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं वाजवतात. खणखणीत वाजलं की एका बाजूला, बद्द वाजलं की दुसऱ्या. दर खेपेला काही फुटलेली निघतातच. त्यांची खापरं ते टाकत नाहीत, पुढच्या आव्यावर झाकायला ठेवतात.

त्यानंतर ते पुस्तक पुन्हा काढलं. तेव्हा दिसलं की एपिक्टेटस म्हणतो, अगदी लहान वस्तूपासून सुरुवात कर. मडकं आधी आलंय ते म्हणून. मी थेट शेवटच्या ओळीवर जाऊन आपटले होते. त्याचा लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा तो म्हणाला, उद्या मातीचा मिळेल. हा माणूस मला आवडायला लागला. मुक्याची ती ओळ मात्र आजही पटत नाही, आणि पटवून घ्यावी असं वाटतही नाही.

एक अगदी मनापासून सांगते. पहिले सहा महिने मला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. तेव्हा ना माती कामाला आली ना पुस्तक, डॉक्टरांची औषधं लागली. तुमचंही तसं असेल तर आधी तिकडं जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मातीनं मला दिले ते रविवारचे दोन तास. हात चिखलात असले की फोन घेता येत नाही, भावाचे जुने फोटो काढून बसता येत नाही.

येळवसला, म्हणजे आमच्याकडं शेतात साजरी होणाऱ्या वेळ अमावस्येला, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीचं भांडं, डोक्यावर घेऊन शेतात जायचं काम भावाचं असायचं. यंदा मी घडवलेलं बिंदगं नेलं. बूड जरा जाड झालंय, काठ एका अंगाला झुकलाय. आव्यातून काढल्यावर मामांनी ते दोनदा वाजवून बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं.