गेम कुठून घ्यायचा? आधी सांगा, खेळणार कोणाबरोबर

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, पीसीवरचे गेम नक्की कुठल्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचे. त्यामुळे ग्राफिक्स कार्डवाल्यांनो, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : दादा, पहिल्यांदाच गेमिंग पीसी घेतलाय. एकच गेम स्टीमवर पण दिसतो, एपिकवर पण आणि गॉगवर पण, किंमत पण साधारण तेवढीच. मित्र म्हणतात डोळे झाकून स्टीम घे. खरंच एवढं सोपं आहे का?

उत्तर : मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत, पण डोळे कशाला झाकायचे. तिन्हीकडे अकाउंट फुकट निघतं, कुठल्याच दुकानाशी लग्न लावायची गरज नाही. प्रत्येक गेम घेताना दोन गोष्टी बघ, तो कोणाबरोबर खेळणार आणि किती वर्षं जवळ हवाय. त्या गेमसाठी दुकान कुठलं ते तिथेच ठरतं.

मित्रांबरोबर खेळायचा असेल तर ते जिथे आहेत तिथेच घे, विषय संपला. क्रॉसप्ले आहे, म्हणजे वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्यांना एकत्र खेळता येतं, असं कंपनी म्हणते पण दरवेळी ते स्टीम आणि एपिकमध्ये धड चालेलच असं नाही, आणि गॉगवर तर काही गेमचं मल्टिप्लेअर गॅलेक्सी नावाचं त्यांचं ॲप टाकल्याशिवाय चालतच नाही. स्टीमची यात एक मस्त सोय आहे, रिमोट प्ले टुगेदर. एकाच स्क्रीनवर दोघा-तिघांनी खेळायचा गेम असेल तर तुझ्या एकट्याकडे तो असला तरी चालतो, मित्र आपापल्या घरून स्ट्रीमवर खेळतात, त्यांनी विकत घ्यायची गरजच नाही. नेट मात्र दणकट पाहिजे.

मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल, वापरणार असशील तर स्टीमचं वर्कशॉप बघ, एक क्लिक केलं की मॉड गेममध्ये हजर. पण हेसुद्धा गेमगणिक बदलतं हां, पहिल्या सिटीज स्कायलाइन्सचा सगळा संसार वर्कशॉपवर आहे आणि दुसऱ्या भागाला वर्कशॉपच नाही, तिथे पॅराडॉक्सची स्वतःची मॉड व्यवस्था आहे. म्हणजे पहिला भाग दुसरीकडून घेतलास तर हजारो मॉड हातचे गेले, दुसऱ्या भागाला काडीचा फरक पडत नाही.

अजून एक. स्टीमवर घेतला म्हणून बाकीचे लाँचर, म्हणजे गेम चालू करायची कंपन्यांची आपापली ॲप, टळतात असं नाही. युबिसॉफ्ट किंवा ईएचा गेम स्टीमवरून घेतलास तरी चालू करताना बहुतेक वेळा त्यांचा लाँचर उघडतो, त्यांचं अकाउंट मागतो, मग पासवर्ड रिसेट करण्यात संध्याकाळ जाते. गेमच्या पानावर उजव्या बाजूला छोट्या चौकटी असतात, वेगळं अकाउंट लागेल, डेनुवोसारखं कॉपी रोखणारं लॉक आहे, अँटी-चीट म्हणजे चीटिंग पकडणारा प्रोग्राम विंडोजच्या कर्नलपर्यंत, अगदी गाभ्यापर्यंत जातो, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ट्रेलर सगळे बघतात, त्या चौकटी कोणी वाचत नाही. तू वाच.

प्रश्न : पैसे देऊन गेम घेतला म्हणजे तो माझा झाला ना? एक जण म्हणाला की आपल्याला फक्त लायसन्स मिळतं, उद्या ते काढून पण घेऊ शकतात. घाबरवायला सांगतोय का?

उत्तर : नाही, खरं सांगतोय. कॅलिफोर्नियात 2024 मध्ये कायदा झाला की डिजिटल माल विकताना हे नुसतं लायसन्स आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, 2025 पासून तो लागू आहे. त्याच्या आधीच ऑक्टोबर 2024 मध्ये स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली आणि लोकांना एकदम धक्का बसला. अरे पण नियम पहिल्यापासून तोच होता, फक्त आधी तो त्या लांबलचक करारात दडलेला होता जो आपण सगळे न वाचताच मान्य करतो.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. गेम विक्रीतून काढणं वेगळं आणि बंद पाडणं वेगळं. रॉकेट लीग 2020 मध्ये स्टीमवर विकायचा थांबला, पण ज्यांनी आधी घेतला होता ते तिथूनच खेळत राहिले. उलट युबिसॉफ्टचा द क्रू बघ. 2014 चा रेसिंग गेम, एकट्याने खेळायला पण सर्व्हर लागायचा, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि पैसे भरलेल्यांच्या हातात काही राहिलं नाही. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला 10 लाखांच्या वर सह्या मिळाल्या. आता यात दुकानाचा काय दोष? सर्व्हरशिवाय न चालणारा गेम कुठूनही घे, त्याची दोरी कंपनीच्याच हातात.

एकट्याने खेळायच्या गेमला मात्र दुकानाने खरंच फरक पडतो, आणि इथे माझं मत सरळ गॉगकडे झुकतं. 2008 मध्ये जुने गेम विकायला हे दुकान सुरू झालं, विचर गेमवाल्या सीडी प्रोजेक्टने काढलेलं, आणि डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं लॉक, नाही म्हणजे नाही हा हट्ट त्यांनी पहिल्यापासून धरलाय. लायब्ररीत गेमवर क्लिक केलंस की खाली ऑफलाइन इन्स्टॉलर दिसतात. एक सेटअपची फाइल आणि मोठा गेम असेल तर तिच्या मागे बिन नावाच्या फाइलींची रांग. त्या सगळ्या उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या, त्यातली एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात लटकतं. एकदा ठेवल्या की मग नेट नसू दे, अकाउंट बंद होऊ दे, दुकान बुडू दे, गेम चालतो. कागदावर ते पण लायसन्सच आहे बरं का, फक्त फाइल तुझ्या कपाटात आहे, ती काढून न्यायला कोण येणार.

कटकट अशी की ॲप न वापरता असं ठेवलंस तर नवीन पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आली की तूच जाऊन परत उतरवायची. शिवाय काही डेव्हलपर गॉगला पॅच उशिरा देतात आणि खूप मोठे गेम तिथे येतच नाहीत. पण सायबरपंक आहे, बाल्डर्स गेट 3 आहे, आणि जुन्या गेमसाठी तर त्यांनी 2024 च्या शेवटी जतन करायचा वेगळा उपक्रमच सुरू केला, म्हणजे तो गेम नवीन विंडोजवर चालत राहील याची जबाबदारी तेच घेतात. वीस वर्षांपूर्वीचा गेम घ्यायचा असेल तर मी दुसरीकडे बघत पण नाही.

आणि हो, स्टीमवरचे पण काही गेम लॉकशिवाय असतात, फोल्डर कॉपी केला तरी चालतात, पण कुठले ते प्रत्येकाचं शोधत बसावं लागतं.

प्रश्न : गेम घेतला आणि पीसीवर धड चाललाच नाही तर पैसे परत मिळतात का? की गेले ते गेले?

उत्तर : मिळतात. स्टीम आणि एपिक दोन्हीकडे घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असशील तर. गॉगवर 30 दिवस, आणि खेळला असलास तरी. गॉगवाले विश्वासावर चालवतात, त्याचा गैरफायदा घेऊ नका रे, नाहीतर ते पण घड्याळ लावतील.

आता हे 2 तास कसे जातात बघ. स्टीमचं घड्याळ गेमचा प्रोग्राम चालू झाला की सुरू होतं. शेडर (ग्राफिक्सची आधीची तयारी) तयार होतायत, 40 टक्के, 41 टक्के, तू चहा टाकून आलास, घड्याळ चालू. मग ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये सावल्या कमी कर, परत चालू कर, कट-सीन बघ, पात्राचं नाक नीट कर, आणि खरा गेम सुरू होईपर्यंत सव्वा तास गेलेला असतो. म्हणून चालतो का हे बघायचं असेल तर पहिल्यांदा गर्दीच्या जागी पोच, फ्रेम पडतायत का, म्हणजे चित्र अडखळतंय का बघ, नाक नंतर. आणि लवकर प्रवेश म्हणून तीन दिवस आधी खेळायला देतात ना, तो वेळ पण 2024 पासून धरला जातो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. तू गेम घेतलास आणि दोन दिवसांनी सेल लागला, तर 2 तासांच्या आत असशील तर रिफंड मागून लगेच सेलच्या भावात परत घेता येतो, हा गैरवापर धरत नाही असं स्टीमने स्वतःच्या नियमातच लिहिलंय. बिनधास्त माग.

प्रश्न : काही साइटवर स्टीमच्या की, म्हणजे गेम चालू करायचे कोड, अर्ध्या किमतीत मिळतात. घेऊ का?

उत्तर : हम्बलसारख्या दुकानाला की डेव्हलपर किंवा प्रकाशकाकडूनच मिळतात, तिथून बिनधास्त घे. पण जिथे कोणीही येऊन की विकू शकतो अशा बाजारात ती आली कुठून हेच कळत नाही, चोरीच्या कार्डवर घेतलेली असेल तर नंतर रद्द होते, दुसऱ्या देशासाठीची असेल तर चालूच होत नाही, आणि बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमचा रिफंड लागू नाही. भावच बघायचे तर इझ देअर एनी डील या साइटवर बघ, तिथे जुने भाव पण दिसतात आणि अधिकृत दुकानंच असतात. सेलमध्ये दिसणारा 60 टक्के डिस्काउंट तीन महिन्यांपूर्वी 75 होता हे तिथेच कळतं.

प्रश्न : एपिकवर मी दर आठवड्याला फुकटचे गेम गोळा करते, लायब्ररी भरलीये, पण विकत एकही घेतला नाही. असं ऐकलंय की तिथे घेतलं तर डेव्हलपरला जास्त पैसे मिळतात. मग तिथूनच घ्यावं का?

उत्तर : गोळा कर, त्यात लाजायचं काय, एपिक त्या गेमचे पैसे देतंय. आणि ऐकलंयस ते बरोबर आहे. स्टीम साधारण 30 टक्के ठेवून घेतं, गेमची कमाई 1 कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या कमाईवर 25 आणि 5 कोटींच्या वर 20. म्हणजे जो आधीच श्रीमंत त्यालाच सूट, हे मला कधीच पटलं नाही. एपिक 2018 च्या डिसेंबरमध्ये आलं तेच 12 टक्क्यांवर, आणि 2025 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर काहीच घेत नाही.

पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर एपिकने पाहुण्यांना बोलावलं आणि बसायला खुर्च्याच मांडल्या नाहीत. चार गेम एकदम घ्यायला कार्ट लागतं, ते आलं 2021 च्या शेवटी. लोकांचे लिहिलेले रिव्ह्यू नाहीत, वर्कशॉप नाही, गेम अडकला तर तिथल्या तिथे विचारायला जागा नाही. वर सुरुवातीला मेट्रो एक्सोडससारखे गेम रिलीजच्या तोंडावर स्टीमवरून उचलून नेले, तो राग लोकांच्या मनात अजून आहे. अ‍ॅलन वेक 2 मात्र त्यांनी स्वतः पैसे लावून काढला, तो तिथेच घ्यावा लागतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

डेव्हलपरला जास्त मिळावं असं खरंच वाटत असेल आणि गेम छोट्या टीमचा असेल तर आधी इच.आयओ वर आहे का बघ, तिथे दुकानाला किती टक्के द्यायचे हे विकणाराच ठरवतो. कधी कधी सोबत स्टीमची की पण मिळते.

प्रश्न : माझी दोन मुलं एकाच स्टीम अकाउंटवरून भांडतात, एकाने लावला की दुसऱ्याचा बंद होतो. प्रत्येकाला वेगळे गेम घेऊन द्यायचे का?

उत्तर : नाही हो ताई. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढा आणि स्टीम फॅमिलीज चालू करा, एका घरातले 6 जण त्यात बसतात. एकाचे गेम दुसऱ्याला खेळता येतात, एकाच वेळी दोघं दोन वेगळे गेम लावू शकतात, सेव्ह ज्याचे त्याचे. तोच गेम दोघांना एकदम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात, आणि काही गेम शेअरच होत नाहीत. मुलांना किती वेळ खेळायचं ते तुम्ही ठरवू शकता, त्यांना काही घ्यायचं असेल तर विनंती तुमच्याकडे येते.

धाकट्याला एक दम भरून ठेवा. तुमच्या किंवा मोठ्याच्या प्रतीवर खेळताना त्याने चीट वापरलं आणि बॅन झाला, तर ज्याची प्रत त्याच्यावरही त्या गेममध्ये बंदी येते. आणि कुटुंबात कोणालाही उगाच घेऊ नका, बाहेर पडलं तरी आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष होईपर्यंत मोठ्यांना दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही.

प्रश्न : महिन्याची वर्गणी भरून मायक्रोसॉफ्टचा गेम पास घेतला तर विकत घ्यायची गरजच काय?

उत्तर : वर्षात बरेच गेम थोडे थोडे चाखणाऱ्याला परवडतं. एकच गेम दोन वर्षं पुरवून खेळणाऱ्याला नाही, कारण गेम यादीतून निघूनही जातात. जाणार असल्याचं आधी सांगतात, तेव्हा आवडलेला सवलतीत घेता येतो.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. माझ्यासाठी स्टीम सोडून काही आहे का?

उत्तर : स्टीमचं प्रोटॉन 2018 पासून आहे, विंडोजचे बरेच गेम त्यावर जसेच्या तसे चालतात, त्यामुळे पहिली पसंती तीच. पण हिरोइक नावाचा फुकटचा लाँचर टाकलास तर एपिक आणि गॉगची लायब्ररी पण उघडते, दोन्हींचा स्वतःचा लिनक्स लाँचर नसला तरी. घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्या गेमबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाच, आणि जुनं नाही, गेल्या काही महिन्यांतलं वाच. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट हवे असतील तर मात्र विंडोजचं पार्टिशन ठेवावंच लागेल, त्यांचं अँटी-चीट लिनक्सला दारातच उभं करत नाही.