लहान सेंद्रिय शेतावर रोजचा दिवस कसा जातो? वर्षभर काम असतं का?

तुम्ही विचारलंय की दीड-दोन एकराच्या सेंद्रिय शेतावर माणसं दिवसभर नेमकं काय करतात, पेरणी-काढणी सोडली तर मोकळा वेळ मिळतो का, आणि त्यासाठी नोकरी सोडावी का. मी आणि माझा नवरा गेली नऊ वर्षं दीड एकरावर भाजीपाला करतो. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, माणसं आम्ही दोघं आणि काढणीच्या दिवसांत मदतीला आणखी दोघी. मोकळा वेळ मिळतो. फक्त तो कधी मिळणार, हे शेत ठरवतं.

माझ्या सगळ्या दिवसाचं गणित एका शब्दावर चालतं, तो म्हणजे वापसा. शेतीत असाल तर माहीत असेलच, नसाल तर सांगते. पाऊस पडून गेला किंवा पाणी दिलं की मोठ्या पोकळ्यांतलं पाणी हळूहळू खाली उतरतं, तिथे हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. माती ओलीही असते आणि मोकळीही असते, तीच वापशाची वेळ. हलक्या जमिनीत ती एखाद्या दिवसात येते, भारी काळ्या जमिनीत कधी आठवडाही लागतो. मी रोज सकाळी वीतभर खोलवरची माती मुठीत दाबते आणि कमरेच्या उंचीवरून सोडते. गोळा पडून फुटला तर कामाला लागायचं. तसाच चपटा होऊन बसला तर वाफ्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

हे मी दुसऱ्या वर्षी शिकले. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, रोपं लावणीला आली होती, आणि मी घाई करून ओल्यातच जमीन फिरवून घेतली. ऊन पडल्यावर तिची विटेसारखी ढेकळं झाली. मुळं त्या ढेकळांना वळसा घालून वाढत होती, पाणी वरच्या वर वाहून जात होतं. तो अख्खा हंगाम त्या तुकड्यावर काही धड आलं नाही. रासायनिक शेतीत खताचा एखादा हप्ता जास्त देऊन अशा चुकीवर थोडंफार पांघरूण घालता येतं. आमच्याकडे पिकाला जे मिळतं ते मातीतल्या जिवाणूंकडून, आणि त्यांना हवा लागते. माती दाबली गेली की सगळंच अडतं.

आता दिवस. पहाटे उजाडायच्या सुमाराला पालेभाजी काढतो, कारण तेव्हा पानं पाण्याने भरलेली असतात. ऊन चढल्यावर काढलेली जुडी तासाभरात मान टाकते. भेंडी आणि काकडी दिवसाआड, गरमीत रोज. एक भेंडी पानाआड राहिली तर ती जून होतेच, शिवाय बी धरायच्या मागे लागून झाड नव्या फळांचा हात आखडतं. म्हणून न विकण्याजोगी फळंही तोडावीच लागतात. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण सगळं शेत नजरेखालून जातं ते याच वेळी.

आणि नजर हेच आमचं औषध. समजा वांग्याच्या शेंड्यावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला. पहिली दोन वर्षं मी लगेच पंप पाठीवर घ्यायची. आता आधी पान उलटून बघते. तिथे काळसर अंगाच्या, केशरी ठिपक्यांच्या, लांबट अळ्या फिरताना दिसल्या तर मी हात लावत नाही. त्या ढालकिड्याच्या अळ्या, माव्यावरच जगतात. अनेक जण त्यांना कीड समजून चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. चार दिवसांनी त्याच शेंड्यावर माव्याची पांढरी टरफलं तेवढी उरतात. अळ्या नसतील आणि मावा वाढत असेल तरच निंबोळी अर्क, ५ टक्के, तोही संध्याकाळी, कारण कडुनिंबातला मुख्य घटक उन्हात लवकर निकामी होतो.

सकाळचा उरलेला वेळ तणात जातो. वेळाचा सर्वात मोठा वाटा इथेच आहे, आणि नवीन माणूस हरतो तोही इथेच. ‘तण खाई धन’ आपण ऐकत आलोय, पण तणाला पकडायचं कधी ते कुणी सांगत नाही. ते डोळ्याला नीट दिसायच्या आधी. माती बोटाने हलवली की पांढऱ्या दोऱ्यासारखे कोंब दिसतात, त्या अवस्थेत सायकल कोळपं, म्हणजे चाकावर ढकलत चालवायचं तण काढण्याचं अवजार, एकदा फिरवलं की उन्हात तासाभरात सगळं वाळून जातं. एक वाफा दहा मिनिटांत होतो. तेच आठ-दहा दिवस पुढे ढकललं की गुडघे टेकून खुरपं, आणि त्याच वाफ्याला अर्धा दिवस. गाजर, कोथिंबीर अशी सावकाश उगवणारी पिकं असतील तर वाफा तयार करून नुसतं पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, वरचा बोटभर थर खरवडून ते मारायचं आणि मगच पेरायचं. यात दहा-बारा दिवस जातात, पण पुढची पाठदुखी वाचते.

दुपारी सावलीतली कामं. रोपवाटिका, बियाणं निवडणं, जुड्या बांधणं, आणि खताचा ढीग. हिरवं आणि वाळलेलं थरावर थर, कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण २५-३० ला १ राहील असं. ढीग जमला असेल तर तीन-चार दिवसांत आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जातो. मी लोखंडी सळई खोचून ठेवते आणि काही वेळाने काढून हातात धरते. धरवत नसेल तर ढीग चांगला चाललाय. नुसतीच कोमट लागली तर ओल कमी आहे किंवा हिरवं कमी पडलंय. या उष्णतेतच तणाचं बी मरतं, म्हणून ढीग उलथवून बाहेरचा भाग आत घालणं टाळून चालत नाही. एका वर्षी आम्ही बाहेरून शेणखत आणलं, ते अर्धवट कुजलेलं निघालं. त्याबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आली आणि आधी कधी न पाहिलेलं तण आलं. ते तण अजून एका कोपऱ्यात डोकं वर काढतं.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळा सर्वात धावपळीचा. चर मोकळे ठेवणं, गादीवाफ्यांच्या कडा सावरणं, मर झालेल्या रोपांच्या जागी नांग्या भरणं. रोपवाटिकेत पाणी साचलं की रोपं बुंध्याशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी होतात, म्हणून त्या दिवसांत रात्रीही एक फेरी असते. हिवाळ्यात किडी कमी आणि माल चांगला, फक्त भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगावर, लक्ष ठेवायचं. उन्हाळ्यात पाणी आणि आच्छादन, दुरुस्त्या, आणि पुढच्या वर्षाची आखणी. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली, रोगही एकमेकांचे घेणारी. ती तीन वर्षं त्याच वाफ्यात येऊ देत नाही.

जो तुकडा विसाव्याला ठेवतो त्यात मातीत गाडून खत करायला ताग किंवा चवळी. मला सर्वात आवडणारं काम यातच आहे. महिनाभराचं रोप मुळासकट अलगद खणून काढायचं, माती धुवायची आणि मुळावरची गाठ नखाने कापायची. आत गुलाबी-लालसर दिसली तर ती हवेतला नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. पहिल्या वर्षी आमच्या गाठी मोजक्याच आणि बहुतेक पांढऱ्या होत्या. चौथ्या वर्षी मूठभर मुळांवर गुलाबी गाठींचे घोस निघाले, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून शेताच्या दुसऱ्या टोकाहून बोलावलं होतं. ताग फुलावर येऊ लागला की गाडायचा, आणि पुढची लावण दोन-तीन आठवड्यांनी.

नोकरीबद्दल. रसायनांवरून जमीन वळवताना पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटतं, हे धरूनच चाला. प्रमाणपत्रासाठीही साधारण तेवढाच परिवर्तन काळ धरतात, आणि त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तेवढ्या काळाच्या घरखर्चाची सोय नसेल तर नोकरी सोडू नका. दोन-तीन वाफे करा, सुट्टीच्या दिवशीच नव्हे तर रोज पहाटे अर्धा तास, आणि एक अख्खा पावसाळा तसा काढा. अर्धा तास जड जायला लागला तर ते तेव्हाच कळेल.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कुठल्या वाफ्यात काय लावलं, बी कुठून आलं, काय घातलं, पाऊस किती झाला. प्रमाणपत्राच्या तपासणीला हीच नोंद मागतात, पण त्याहून जास्त ती तुम्हालाच लागेल, कारण तीन वर्षांपूर्वी वांगी कुठे होती हे डोक्यात राहत नाही. माझ्या वहीत आजची ओळ अशी आहे: तिसरा वाफा, गोळा अजून फुटत नाही, परवा सकाळी पुन्हा बघायचं.