आखाजीला आळं, रोहिणीला बी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न असा : जळगावच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, आणि कोकणातल्या आजीने सांगितलंय की अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशातल्या आखाजीला, दुधी-कारल्यासारख्या वेलाचं बी टाक, वेल अक्षय फळेल. तर टाकू का? आळं त्या दिवशी जरूर भर. बी मात्र हातात राहू दे.

आजी चुकीचं सांगत नाही, ती तिच्या अंगणापुरतं सांगते. कोकणात वैशाखात घाम निघतो, पण हवा दमट असते आणि कोवळं रोप तग धरतं. आठ-दहा दिवसांत उगवण, पुढे महिनाभर हाताने पाणी, आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत वेल मांडवाला टेकलेला असतो. तिथे धो धो पावसात टाकलेलं बी कुजतं, म्हणून आधीची घाई. जळगावात मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते. दोन पानांचं रोप भर दुपारी करपतं. त्यातून एखादं जगलंच, तर कडक उष्म्यात वेलाला नरफुलंच जास्त येतात, मादीफुलं थोडी. मग वेल हिरवागार आणि फळ नाही, अशी तक्रार सुरू होते.

दुसरी गोष्ट तिथीची. तिथी चंद्रावर चालते, त्यामुळे २०२३ साली अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला होती आणि २०२४ साली १० मे रोजी. मधे अठरा दिवसांचा फरक! मातीला हा फरक चालत नाही. शेतकरी पेरणीसाठी नक्षत्र बघतात ते याचसाठी. नक्षत्र सूर्याचं, म्हणून रोहिणी दरवर्षी २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनलाच लागतं. सण कामाची आठवण करून देतो. बी कधी टाकायचं ते नक्षत्रावर आणि उन्हावर ठरव.

गुढीपाडव्याला आळं खणायला घे. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा, दोन खड्ड्यांत सहा फूट अंतर. दुधी आणि लाल भोपळ्याला आठ फूट. वरची वीतभर माती एका बाजूला ठेव, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उघडा तापू दे. उन्हाने किडींचे कोष आणि तणांच्या मुळ्या मरतात. याच दिवसांत कडुनिंबाची गळलेली पानं गोळा करून पोत्यात भरून ठेव, पुढे आच्छादनाला लागतात.

होळीची राख आळ्यात टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कोकणातल्या आम्ल, तांबड्या मातीला ती मानवते, राखेत पालाश (पोटॅश) असतं. तुझी काळी माती आधीच क्षारांकडे झुकलेली, तिथे राख ओतू नकोस. चाळून कोरड्या डब्यात ठेव, तिचं काम पुढे येणार आहे. आणि शेणखतात तर राख कधीच कालवायची नाही, खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

आता आखाजी. घराघरांत पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर (खरबूज), आंबे, सांजोरी ठेवतात. काही घरांत घागरीखाली मातीची चार ढेकळं मांडतात, पावसाच्या चार महिन्यांची, आणि कुठलं किती भिजलं यावरून पाऊसपाणी ठरवतात. ही रीत प्रेमाने कर. वर्षाच्या सर्वांत कोरड्या दिवसांत घरातली सगळी माणसं पावसाचा विचार करायला एकत्र बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ढेकूळ भिजतं ते घागर कुठून पाझरते त्यावर. पेरणीचा निर्णय हवामान खात्याच्या अंदाजावर घे.

तो पाझर तुझ्या कामाचा आहे. सण झाला की मोठी घागर आळ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुर. मातीचीच हवी, आणि बाहेरून रंग दिलेली नको. रंगाने छिद्रं बुजतात. तोंडावर झाकण ठेव, नाहीतर डास होतील. रोपं घागरीपासून वीतभर अंतरावर लावायची. तीन-चार दिवसांनी घागर भरली की पुरतं, आणि मुळं ओलीच्या मागे खोल जातात. पाणी झिरपेनासं झालं तर क्षार साचलेत असं समज. बाहेर काढून काथ्याने घासून पुन्हा बसव.

घागरीभोवती आळं भरायचं ते असं : तळाला पालापाचोळा, मग वरची माती, ८-१० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड एकत्र करून. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळं भाजतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते तयार नाही. भरून झालं की एकदा भरपूर पाणी दे, माती बसेल, मग पुन्हा भर घाल.

बी रोहिणीत कागदी पेल्यात टाक, झाडाच्या सावलीत. त्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघ. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवून बघतात, तीच ही परीक्षा. सातपेक्षा कमी मोडावल्या तर ते बियाणं सोड. दुधी रात्रभर भिजव, कारलं पूर्ण दिवस, काकडीला चार-पाच तास खूप झाले. खोली एक इंच. पंधरा दिवसांत दोन-तीन खरी पानं येतात, तोवर मृग लागलेलं असतं. पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी मातीचा गोळा न फोडता लाव, आळ्याला दोनच रोपं. या वेलांच्या मुळाला धक्का सोसत नाही.

पाऊस बसला की आळ्याचा खळगा राहू देऊ नकोस. काळ्या मातीत पाणी तुंबून आठवड्यात वेल पिवळा पडतो. बुंध्याशी चार बोटं माती चढव आणि घागर भरणं थांबव.

कोवळ्या पानांना गोल भोकं दिसली तर ते तांबडे भुंगेरे. सकाळी सुस्त असतात तेव्हा वेच, आणि ती राखून ठेवलेली राख दवावर भुरभुरव. फळमाशीसाठी कामगंध सापळा (नर माशीला वासाने ओढणारा) लाव, डंख मारलेली फळं खोल पुर. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, फळ धरत नसेल तर तेव्हाच नरफूल मादीफुलावर फिरव. कारलं, काकडी, भोपळा यांचं काम सकाळी.

दुधी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेव. कडू लागला तर थुंकून टाक आणि अख्खा फेक. शिजवून विष जात नाही, रस तर अजिबात नको. त्या वेलाचं बीही धरू नकोस. बियाण्यासाठी गोड वेलावरचं सुरुवातीचं एक सरळ फळ वेलावरच वाळू दे, हलवल्यावर आत बी वाजेपर्यंत. मग बी राखेत घोळून बरणीत ठेव आणि वर साल लिही.