सात वर्षांत बॉडी नवी, मग गुडघे जुने कसे?

प्रश्न : नेहरू पार्कच्या आमच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपमधे एक जण ठासून सांगतो की दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते. मी 66 चा, म्हणजे नऊ वेळा नवा झालो! मग गुडघे का दुखतात, केस कुठे गेले? पोहे-जलेबीची पैज लागलीय, लवकर सांगा. – एक वाचक, रामबाग, इंदूर

काका, जलेबी तुमची. सात वर्षांचा आकडा सगळ्या शरीराला लावताच येत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात, रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस टिकतात आणि त्या दर सेकंदाला 20 लाखांच्या आसपास नव्या तयार होत असतात, आणि मेंदूच्या वरच्या थरातले न्यूरॉन मात्र तुमच्याच वयाचे, जन्मापासूनचे तेच.

हे कळलं कसं ते भारी आहे. 1963 च्या करारापर्यंत अमेरिका-रशिया वगैरे मंडळी उघड्यावर अणुबॉम्ब फोडत होती, त्यानं हवेतलं कार्बन-14 (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झालं, मग दर वर्षी कमी कमी होत गेलं. झाडांनी ते घेतलं, अन्नातून आपल्यात आलं, आणि पेशी ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत तसंच राहिलं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधे योनास फ्रिसेनच्या टीमनं 2005 पासून त्यावरून पेशींची वयं काढली. हृदयाचे स्नायू पंचविशीत वर्षाला 1 टक्का बदलतात, पंचाहत्तरीत 0.45 टक्का, म्हणजे अख्ख्या आयुष्यात निम्मेसुद्धा बदलत नाहीत!

गुडघ्याचं उत्तर याच पद्धतीनं 2016 मधे मिळालं. कूर्चेतलं कोलॅजन मोठेपणी जवळपास बदलतच नाही, तरुणपणी जे तयार झालं त्यावरच तुम्ही पार्काच्या चकरा मारताय. केसांचा मामला बराचसा खानदानी आणि हार्मोनचा, तो ग्रुपात नका काढू.

आणि जिथे पेशी भराभर बदलतात तिथेही नवी पेशी जुन्या पेशीतूनच निघते ना, डीएनएतल्या चुका घेऊनच येते, त्यामुळे नवी म्हणजे कोरी असं नाही. शिवाय काही पेशी बिघडल्यावर विभागणं थांबवतात पण मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात आणि सूज वाढवणारी रसायनं आजूबाजूला सोडत राहतात. 2016 मधे अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी उंदरांमधल्या अशा पेशी काढून टाकल्या तर उंदीर साधारण पाव पट जास्त जगले. पण याच पेशी जखम भरायला कामाला येतात, म्हणून सरसकट सफाई करा असंही म्हणता येत नाही. माणसांवर ट्रायल सुरू आहेत, आणि माझ्या मते म्हातारपणावरच्या रिसर्चमधे सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

प्रश्न : ताई, भिशीत एकीनं टेलोमिअर लांब करणारी कॅप्सूल आणलीय, वय थांबतं म्हणे. महाग आहे. घेऊ का? – एक वाचक, ओल्ड पलासिया, इंदूर

नका घेऊ. टेलोमिअर म्हणजे क्रोमोसोमच्या टोकाला डीएनएची सहाच अक्षरं परत परत येतात तो भाग, पेशी विभागली की तो थोडा कमी होतो. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मधेच दाखवलं होतं की माणसाची साधी पेशी बाहेर वाढवली तर 40 ते 60 वेळा विभागते आणि थांबते. टोक परत वाढवणारं एन्झाइम आहे, टेलोमरेज, त्यावर ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शॉस्टॅक यांना 2009 चं नोबेल मिळालं. इथपर्यंत कॅप्सूलवाल्याचं पॅम्फ्लेट खरं बोलतं. पुढचं तो छापत नाही: दहापैकी साडेआठ-नऊ कॅन्सरमधे हेच एन्झाइम चालू झालेलं सापडतं, त्याच्याच जोरावर त्या पेशी थांबत नाहीत. आणि लॅबमधल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी बिचारे दोन-तीन वर्षांत जातात. तेव्हा लांब टेलोमिअर म्हणजे लांब आयुष्य हा हिशोबच कच्चा आहे. भिशीचे पैसे सराफ्यातल्या खाऊगल्लीत उडवा, निदान भुट्ट्याचा कीस तरी मिळेल.

प्रश्न : पेशीत भिंती नसलेल्या जागीही ठराविक प्रोटीन एकत्र कशी जमतात? पुस्तकात नुसती नावं आहेत. – बीएस्सीची विद्यार्थिनी, इंदूर

मस्त विचारलंस. उसळीच्या रश्श्यावर तर्रीचे थेंब आपोआप वेगळे राहतात आणि दोन जवळ आले की एक होतात, साधारण तसंच. 2009 मधे ब्रँगविन आणि हायमन यांनी जर्मनीत ड्रेस्डेनला एक मिलिमीटरच्या सी. एलिगन्स अळीच्या भ्रूणात पी-ग्रॅन्यूल, म्हणजे प्रोटीन आणि आरएनएचे दाणे, बघितले, ते वाहत होते, एकमेकांत मिसळत होते, म्हणजे घट्ट दाणे नव्हतेच, द्रव होते. तेव्हापासून न्यूक्लिओलसकडेही (पेशीच्या केंद्रकातला भिंत नसलेला गोळा) लोक याच नजरेनं बघायला लागले. आणि हे थेंब घट्ट झाले तर गडबड: एफयूएस नावाच्या प्रोटीनचे थेंब वेळ जाईल तसे कडक होतात, आणि एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारात सापडणाऱ्या म्युटेशननं ते आणखी लवकर होतं, हे 2015 मधे दिसलं. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हाच घे, सरांना सांग की अशा थेंबांना 'कंडेन्सेट' म्हणतात, शोधताना तेच टाकायचं.