कृष्णविवर राहू दे, आधी काठी उभी कर

खगोलशास्त्रात काय काय वाचायचं याची तुझी यादी वाचली: कृष्णविवर, समांतर विश्वं, कालप्रवास. वाच खुशाल, पण आधी 2-3 मेच्या सुमारास दुपारी पणजीत अंगणात उभा राहा. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. वर्षातून दोनदा होतं असं. दुसरी वेळ ऑगस्टात, पण तेव्हा पाऊस कुठला बघू देतोय!

मी पहिल्या वर्षी बरोबर बाराला काठी घेऊन उभा. मीटरभर काठी, तर अर्धी वीत सावली! घरचे हसले. आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, 82.5 अंश रेखांशावर चालतं, गोवा 74च्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली खरी दुपार तेव्हा साडेबाराला होते. शिवाय काठी तिरकी होती. गवंड्याकडून ओळंबा माग, नजरेवर विसंबू नकोस.

याच सावलीवरून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर काढला. इजिप्तमधल्या सायीन गावात भर दुपारी सावली नाही, त्याच दिवशी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात सावलीचा कोन 7.2 अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर गुणिले 50, झालं. (सायीन नेमकं दक्षिणेला नाही, तरी आकडा बऱ्यापैकी जमला.)

21 मार्चला पुन्हा मोज, पण पावणेएकच्या जरा आधी; खरी दुपार वर्षभरात थोडी मागेपुढे सरकते. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून सावलीचा कोन म्हणजेच तुझा अक्षांश. मीटरभर काठीची सावली 28 सेंटीमीटरच्या आसपास आली, तर तुझा अक्षांश तूच काढलास. मग कृष्णविवरांवर बोलू, चहा माझ्याकडे.