फाइलमधल्या फक्त बदललेल्या नोंदी दुसऱ्या सिस्टीमवर पाठवायच्या असतील तर

एएस/४०० वर (आयबीएमची संगणक प्रणाली) आधी जर्नल रिसीव्हर बनव (बदलांच्या एंट्री यात साठतात), मग त्याला जोडलेलं जर्नल, मग फाइलचं जर्नलिंग, म्हणजे प्रत्येक बदलाची एंट्री ठेवणं, सुरू कर. इमेज ‘बोथ’ ठेव, म्हणजे बदलाआधीचा आणि नंतरचा असा दोन्ही डेटा एंट्रीत येतो. फक्त ‘आफ्टर’ (नंतरचा) ठेवलीस तर ‘डीएल’, म्हणजे नोंद पुसल्याच्या एंट्रीत जुना डेटा येत नाही आणि पलीकडे कुठल्या कीची (नोंद ओळखायच्या फील्डची) नोंद पुसायची ते कळत नाही. रेकॉर्ड नंबरवर (फाइलमधल्या नोंदीच्या जागेचा क्रमांक) विसंबू नकोस, फाइल रीऑर्गनाइझ झाली की तो बदलतो.

पहिली पूर्ण कॉपी जर्नलिंग सुरू केल्यानंतरच घे.

वाचलेल्या शेवटच्या एंट्रीच्या सिक्वेन्स नंबरसोबत (अनुक्रमांक) रिसीव्हरचं नावही जपून ठेव. नंबर रीसेट झाला तर पुन्हा १ पासून सुरू होतो. कमिट कंट्रोल असेल (बदलांचा गट एकत्र पक्का किंवा रद्द करायची सोय) तर कमिट, म्हणजे बदल पक्के झाल्याची एंट्री दिसेपर्यंत बदल पुढे पाठवूच नकोस. आणि वाचून व्हायच्या आत रिसीव्हर कुणी डिलीट केला, तर पुन्हा पूर्ण कॉपीच करावी लागते.