पुण्यकर्मांची वही मिटा

रोझरी (जपमाळेच्या प्रार्थना) किती झाल्या, उपवास किती पाळले, याची वही ठेवू नका. देवाच्या दयेवर भरवसा ठेवायच्या वाटेवर नव्याने सुरुवात करणाऱ्यांची पहिली चूक हीच. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कॅथलिक संत तेरेजांनी 1895 मध्ये देवाच्या दयाळू प्रेमाला स्वतःला वाहून घेतलं, तेव्हा मागणं काय होतं? मी रित्या हातांनी येईन, माझी सत्कृत्यं मोजू नकोस. आणि या कडक नियमांच्या कार्मेल मठातल्या धर्मभगिनी बरं का!

प्रार्थनेत डुलकी लागते? त्यांनाही लागायची. झोपलेलं लेकरूही आईबापाला तेवढंच लाडकं, असं म्हणून त्या मोकळ्या होत.

दुसरी चूक जास्त नडते: पाप घडलं की 'आधी सुधारतो, मग देवाकडे जातो.' उलट करा. पडलात की तिथूनच हाक मारा. पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे पाप कबूल करायला) जा, पण तेच तेच उकरत बसू नका.

भरवसा म्हणजे वाटेल तसं वागायची सूट, असा अर्थ मात्र काढू नका. प्रेमाची बारीकसारीक कामं तेरेजा रोज करत होत्या. फक्त त्यांचं भांडवल केलं नाही.

सध्या रात्री एवढंच म्हणा: 'देवा, दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, तुझ्या दयेवर भरवसा आहे.'